जयवंतचा कोबी

"पुढं," तात्या म्हणाले.

मी वाफ्यात उकिडवी बसून खालची पिवळी पानं काढत होते. मागं वळून बघितलं नाही. तात्यांकडं तेवढा एकच शब्द उरला होता. पाणी हवं असलं तरी पुढं, नको असलं तरी पुढं, डास चावला तरी पुढं. अर्धांगाच्या झटक्यात माझ्या सासऱ्यांची उजवी बाजू गेली, त्याबरोबर सगळी भाषा गेली, आणि मागं राहिला हा हुकूम. द्राक्षबागेत एक झाड हातावेगळं झालं, की ते मजुरांना पुढच्या झाडाकडं हाकलायचे तो.

"पुढं!"

आता बघितलं. चाकांच्या खुर्चीत ते ओणवे झाले होते. दीड वर्ष छातीशी आवळून धरलेली उजव्या हाताची मूठ झाडाच्या खोडापाशी आली होती. अंगठा मुठीतून बाहेर सरकत होता, गोगलगाय शंखातून निघते तसा, थांबत, अंदाज घेत. तो तर्जनीला टेकला. पानाच्या बगलेत वाटाण्याएवढी हिरवी गाठ होती. ती त्या दोन बोटांत आली.

टक.

डाव्या हातानं त्यांनी ती गाठ उजव्या हातातून घेतली आणि खुर्चीच्या मागं भिरकावली.

मी ओरडले. जिजी, म्हणजे माझ्या सासूबाई, पिठाचे हात घेऊन मागच्या दारात आल्या.

"काय गं? पडले का?"

"जिजी, बोटं उघडली!"

"कोणाची?"

"कोणाची म्हणजे? तात्यांची!"

जिजींनी पिठाचे हात तसेच पदराला पुसले, जे त्यांनी आयुष्यात केलं नसेल. खुर्चीसमोर येऊन उभ्या राहिल्या. तात्यांनी त्यांच्याकडं बघितलं, मग झाडाकडं बघितलं, आणि दुसरी गाठ धरली. या खेपेला अंगठा घसरला. पुन्हा धरली.

टक.

"अगो बाई," जिजी म्हणाल्या, आणि खाली मातीतच बसल्या.

*

इथून सुरू केलं तर ही आनंदाची गोष्ट वाटेल. थोडं मागं जाते.

*

जयवंत माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन निफाडजवळच्या या मळ्यात आले तेव्हा तो मला वहिनी म्हणताना लाजायचा, इतका कोवळा. त्याच वर्षी ऑक्टोबर छाटणीला तात्यांनी पहिल्यांदा त्याच्या हातात कात्री दिली. द्राक्षाच्या काडीवर डोळे असतात. घड कुठल्या डोळ्यात झोपलाय हे छाटणाऱ्याला कळावं लागतं, आणि तो डोळा राखून पलीकडं कापावं लागतं. जयवंत अलीकडं कापत गेला. चार ओळी. बाग फुटली तेव्हा त्या चार ओळींवर पाला आला. दाट, हिरवागार, बघत राहावा असा. घड एक नाही.

तात्यांनी त्याला त्याच ओळीत बोलावलं. मजूर बाया होत्या, माझे यजमान विलास होते, मी न्याहारी घेऊन गेले होते.

"हात कर पुढं."

जयवंतनं हात पुढं केला. तळवा वर, शाळेत छडी खायला करतात तसा. तात्यांनी मारलं नाही. त्याच्या तळव्याकडं नीट बघितलं, कुठं काय बिघडलंय ते शोधावं तसं, आणि त्याच्या कमरेची कात्री काढून घेतली.

"ह्या हाताला झाड कळत नाही," म्हणाले. "पुढं."

बाया पुढच्या झाडाकडं गेल्या. त्यातली एक फिसकन हसली. जयवंतचा हात बराच वेळ तसाच हवेत होता. मला वाटलं होतं कोणीतरी तो खाली करायला सांगावं.

पुढच्या पावसाळ्यात तो राहुरीला शिकायला गेला, तिथून हॉलंडला, आणि मग तिथलाच झाला. रविवारी फोन यायचा. जिजींशी बोलायचा, माझ्याशी, विलासांशी. तात्यांनी फोन कधी घेतला नाही. त्यानंही कधी "तात्यांना द्या" म्हटलं नाही. "तात्या कसे आहेत" एवढं विचारायचा, तेही फोन ठेवता ठेवता.

तात्या आडवे पडले तेव्हा मात्र फोनवर रडला. येतो म्हणाला. तिथल्या कागदपत्रांचं काही अडलं होतं, येऊ शकला नाही. त्याऐवजी पुढच्या हंगामात द्राक्षं बघायला आलेल्या एका व्यापाऱ्याबरोबर त्यानं चिमूटभर बी पाठवलं.

"वहिनी, ब्रसेल्स स्प्राउट म्हणतात ह्याला. बारका कोबी. मी इथं घरामागं लावतो दर वर्षी."

"तू? शेती?"

"वाफाभर. हसू नका."

"हसत नाही रे."

"आपल्या निफाडची थंडी लागते त्याला. रोप लावलं की माती पायानं दाबून घट्ट करा, भुसभुशीत नको. खालची पानं पिवळी पडली की काढत जा. बाकी काही करायचं नाही. थंडी करते काय करायचं ते."

"बरं."

"आणि जानेवारीत मी येतोय. तोवर जपा."

"खरंच येतोस? जिजींना सांगू?"

"तात्यांना सांगा," तो म्हणाला.

कोबी म्हटल्यावर गड्डा झाडाला कुठं येतो, हे मी त्याला विचारलं नाही. कोण विचारेल?

*

रोपं स्वयंपाकघराच्या मागं, धुण्याच्या दगडापलीकडं दोन ओळींत लावली. एक उरलं ते जिजींनी हौदाच्या आडोशाला खोचलं. घरात त्याला जयवंतचा कोबी हेच नाव पडलं. थंडी सुरू होईपर्यंत तो गुडघ्याच्या वर गेला आणि थांबायचं नाव घेईना.

"कोबी कसला, एरंड आहे मेला," जिजी म्हणायच्या.

विलास म्हणायचे, "गड्डा धरायचा सोडून हा उंचच चाललाय. जयवंतवर गेलाय."

तात्यांची खुर्ची मी सकाळी उन्हाला तिथंच लावायची. बागेत नेऊन उपयोग नव्हता. द्राक्षाचा मांडव डोक्याच्या वर, खुर्चीतून वेलीला हात पोचत नाही. एकदा नेलं होतं, तर वर बघून बघून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायलाही हात वर होईना. इथं मात्र झाडं बरोबर खुर्चीच्या उंचीची होती. ते तासन्‌तास त्यांच्याकडं बघायचे. कपाळाला आठी. मला वाटायचं, जयवंतची आठवण.

जयवंतची नव्हतीच ती. झाडाची होती. झाड चुकीचं वाढतंय आणि कोणी काही करत नाहीये, याची.

पानाच्या बगलेतून जी फूट निघते तिला आम्ही बगलफूट म्हणतो. द्राक्षात ती वेळेवर खुडली नाही तर वेलीची सगळी ताकद तिच्यात जाते आणि घड उपाशी राहतो. निफाडकडच्या पोराला ग म भ न यायच्या आधी बगलफूट ओळखता येते. आणि इथं जयवंतच्या कोबीला खालपासून वरपर्यंत, एकेका पानाच्या बगलेत, बगलफूट.

म्हणून तो हात उघडला. दीड वर्ष रबरी चेंडू, गरम पाणी, तेल, व्यायाम, नवस, कशालाही न उघडलेला.

विलास बागेतून धावत आले. तात्यांनी त्यांना एक गाठ खुडून दाखवली.

"बरोब्बर," विलास म्हणाले. "तेच म्हणतोय मी, गड्डा का धरत नाही. बगलफूट ताकद खाऊ राह्यली ना सगळी. आपल्याला नाही दिसलं, तात्यांना दिसलं. बघा आता, धरतो का नाही गड्डा."

जिजींनी देवापुढं साखर ठेवली. संध्याकाळी तात्यांनी भाकरीचा तुकडा स्वतःच्या उजव्या हातानं उचलला. अर्धा खाली पडला, अर्धा तोंडात गेला. जिजींनी तो पडलेला अर्धा उचलून स्वतः खाल्ला आणि म्हणाल्या, "मिठाची गरजच नाही आज."

नाशिकचे डॉक्टर म्हणाले, "चिमटी आली म्हणजे हात आला. बटण लावतील आता. जे काय करतायत ते करू द्या. अजिबात थांबवू नका."

आम्ही कशाला थांबवतोय?

रोज सकाळी खुर्ची. रोज एक झाड, कधी दोन. टक, मागं. टक, मागं. मग "पुढं", आणि मी खुर्ची ढकलायची. दुपारी मी त्या हिरव्या गाठी झाडून शेळीला घालायची. शेळीला फार आवडायच्या.

*

रविवार.

"वहिनी, गाठी धरल्या का?"

"कसल्या गाठी?"

"कोबीला हो. पानाच्या बगलेत. आधी वाटाण्याएवढ्या असतात, मग लिंबाएवढ्या होतात. खोड दिसत नाही एवढ्या लगडतात."

आमचा फोन खिडकीशी होता. खिडकीतून मागचं अंगण दिसायचं.

"आणि गड्डा?" मी विचारलं.

"कुठला गड्डा?"

"वरचा. शेंड्याचा."

तो हसला. "वर काही नाही येत, नुसती पानं. बगलेतल्या गाठी हेच पीक. म्हणून तर सांगतोय. हॅलो? वहिनी?"

खिडकीबाहेर तात्यांनी डाव्या हातानं काहीतरी मागं टाकलं.

"ऐकतेय."

"धरल्यात ना?"

"धरल्यात," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

"मग मी येईपर्यंत एकही तोडू नका. मला तात्यांच्या समोर तोडायच्यात. एक अख्खं झाड, त्यांच्या डोळ्यांसमोर. बोलता येत नाही त्यांना, मला माहितीये. बोलू नकाच म्हणावं. नुसतं बघा."

"जयवंत..."

"अकरा वर्षं ह्याच्यावर हात बसवलाय मी, वहिनी. दुसरं काही नाही."

जिजी पदराखाली हात घेऊन फोनसाठी थांबल्या होत्या. मी त्यांच्या हातात फोन दिला आणि मागच्या दाराशी गेले.

"पुढं," तात्या मला म्हणाले. खुशीत होते.

*

विलासांना सांगितलं तर ते आधी हसले. खोकला येईपर्यंत हसले. मग भिंतीला टेकून बसले.

"बापानं लेकाच्या चार ओळी... नाही, लेकानं बापाच्या चार ओळी घालवल्या. आता बापानं लेकाच्या दोन."

"हसू नका हो."

"मग काय करू? तूच सांग."

"तात्यांना सांगू या का?"

"काय सांगशील? की तुमचा हात आला तो पीक खुडायला आला?"

"असं कशाला सांगायचं?"

"मग कसं सांगतेस ते मला आधी सांगून दाखव."

मी सांगून दाखवायला गेले. पाच-सहा प्रकारांनी सुरुवात केली. प्रत्येक वाक्य दोन शब्दांनंतर त्याच ठिकाणी येत होतं.

जिजी म्हणाल्या, "सांगायचं काही नाही. त्यांना नुसतं तिकडं न्यायचं नाही. पुढच्या ओट्यावर बसवायचं."

बसवलं. पहिल्या दिवशी सकाळी ते चुळबुळले. दुपारी "पुढं" सुरू झालं. आधी साधं, मग मोठ्यानं, मग डावा हात खुर्चीवर आपटून. दुसऱ्या दिवशी बोलणंच बंद. अंगठा मुठीत परत गेला. जिजींनी भाकरीचा तुकडा हातात दिला तर मुठीनं तो ताटलीसकट लोटून दिला.

मी शेजारच्या मळ्यातून टोमॅटोची दोन जोमदार झाडं कुंडीत आणली. टोमॅटोलाही बगलफूट येते. तात्यांनी ती सगळी एका दमात खुडली आणि कुंडीकडं नाही, माझ्याकडं बघितलं. पोरीनं भातुकलीचा चहा दिल्यावर मोठी माणसं बघतात, तसं. मग मान वळवून घरामागं बघत राहिले. तिथं त्यांचं काम अर्धवट पडलं होतं. त्यांच्या लेकाची झाडं. लेकाला काय कळतं? ती नीट करून ठेवायला हवीत, तो यायच्या आत.

हे ते बोलले नाहीत. मी बोलतेय. पण मी त्या घरात इतकी वर्षं होते.

तिसऱ्या दिवशी जिजी म्हणाल्या, "शालन, ने त्यांना मागं."

"आणि जयवंत?"

"जयवंताचे दोन्ही हात धड आहेत," जिजी म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या.

मी खुर्ची ढकलली. झाडाशी पोचायच्या आतच अंगठा बाहेर आला.

*

पुढच्या रविवारी: "जयवंत, तुला एक सांगायचं होतं."

"वहिनी, तिकीट झालं!"

त्याच्या पुढच्या रविवारी: "जयवंत, ऐक जरा."

"पाठीमागं कोण बोलतंय? तात्या? तात्या बोलले?"

"हो. पुढं म्हणाले."

"परत म्हणायला सांगा ना. फोन धरा ना तिकडं."

मी वायर ताणून फोन खिडकीबाहेर धरला. तात्यांनी एक गाठ खुडली, मागं टाकली. "पुढं," म्हणाले. फोन कानाला लावला तेव्हा पलीकडं जयवंत नाक ओढत होता. मग मी काय सांगणार होते?

*

हौदाच्या आडोशाचं एक झाड उरलं होतं.

मी त्याच्यापुढं दोन काठ्या रोवल्या आणि गोणपाट लावलं, वरून उघडं, तात्यांच्या बाजूनं झाकलेलं. जिजींनी बघितलं. दुसऱ्या दिवशी गोणपाटावर त्यांनी ओली फडकी वाळत घातलेली दिसली.

त्या जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. पहाटे पानांवरचं दव गोठायचं, जनावरांच्या लसूणघासावर बर्फाची पांढरी खडी दिसायची. बागेत द्राक्षाचे मणी तडकायला लागले. विलास आणि माणसं पहाटे उठून ओळी-ओळींतून शेकोट्या पेटवायची, धूर करायची, ठिबक चालू ठेवायची. सगळा गाव थंडीला शिव्या घालत होता. आणि मी धुरात खोकत हौदामागं जाऊन बघायची, आणि त्या एका झाडाच्या गाठी आवळत, चकचकीत होत, एकमेकींना चिकटत चाललेल्या असायच्या. घरातल्या बाकी सगळ्यांना ऊब हवी होती. मला एकटीला गारठा हवा होता. कोणाकडं मागायचा तेही कळत नव्हतं.

दोन ओळींतली झाडं आता कमरेएवढी झाली होती. खोडं सरळ, गुळगुळीत, एकही गाठ नाही; नवी निघाली की दुसऱ्या सकाळी खुडली जायची. वर पानांचा झुबका. खजुरीच्या झाडांसारखी दिसायची. तात्यांनी इतकं स्वच्छ काम केलं होतं, की द्राक्षाच्या बागेत असतं तर चार गावचे लोक बघायला आले असते. शर्टाची वरची दोन बटणं ते स्वतः लावायला लागले होते.

*

जयवंत आला तेव्हा ऊन नुकतंच अंगणात उतरलं होतं. केस कानशिलाशी पांढरे. जिजींनी भाकर-पाणी ओवाळून टाकलं, तो वाकला, उठला, आणि बॅग दारातच टाकून विचारलं, "मागं आहेत ना?"

"जयवंत, थांब," मी म्हणाले.

तो थांबला नाही. मी त्याच्यामागं धावले. तो मागच्या दाराच्या उंबऱ्यात उभा होता.

समोर दोन ओळी. ओळीच्या शेवटच्या झाडाशी तात्या, पाठमोरे. खुर्चीमागं मातीत त्या सकाळच्या हिरव्या गाठी, आणि त्या खाणारी शेळी.

मी त्याचा चेहरा बघितला नाही. मी त्याचे हात बघितले. दोन्ही थोडे पुढं आले होते, काहीतरी पडताना झेलायला यावेत तसे, आणि तिथंच राहिले.

"वहिनी," तो अगदी हळू म्हणाला, "हे कोणी..."

"हात बघ," मी म्हणाले. "त्यांचा हात बघ आधी."

टक. डाव्या हातानं मागं.

त्यानं बघितलं. शेळीनं ती गाठ उचलेपर्यंत बघत राहिला. मग चपला काढल्या. वाफ्यात जाताना आमच्यात चपला काढतात, ते तो विसरला नव्हता. ओळीच्या कडेनं जाऊन तात्यांच्या समोर उकिडवा बसला.

तात्यांनी मान वर केली.

अकरा वर्षांनी दोघं समोरासमोर होते आणि मधे एक झाड होतं. तात्यांनी खोडाकडं बोट केलं, वरपासून खालपर्यंत. बघ. कसं केलंय बघ.

जयवंतनं खोड नीट बघितलं. खाली, पानाच्या मागं, एक गाठ नजरेतून सुटली होती.

"तात्या," तो म्हणाला, "ही एक राहिली."

त्यानं पान बाजूला धरलं. तात्या वाकले. अंगठा, तर्जनी. टक.

"पुढं," तात्या म्हणाले, आणि हसले. अर्ध्या तोंडानं हसले, तेवढंच त्यांना येत होतं.

मी इथं थांबायला हवं होतं. त्यानं सगळं पोटात घातलं होतं. पण तो उठून माझ्याकडं आला, आणि त्याचा चेहरा मला बघवेना. इतक्या लांबून आलेल्या माणसाच्या हातात काहीतरी ठेवावं असं वाटतंच. मी त्याला हौदाकडं नेलं आणि गोणपाट उचललं.

खालपासून वरपर्यंत लिंबाएवढे गड्डे. खोडाला बोट लावायला जागा नाही. दव अजून त्यांच्यावर होतं.

जयवंत हसला. मोठ्यानं, पोरासारखा. "वहिनी!" एवढंच म्हणाला. खाली बसला, सगळ्यात खालचा गड्डा अंगठ्यानं दाबून बघितला, खाली वाकवून तोडला. "घट्ट आहे. थंडी बसलीये चांगली. एक नंबर झालंय हे, वहिनी, तिकडं सुद्धा असं..."

मागं चाक कुरकुरलं.

तात्यांना डाव्या हातानं चाक फिरवता यायचं, पण फिरवलेलं गोलच जायचं. तरी ते गोल गोल घेत, दगडाला अडखळत, तिथपर्यंत आले होते. लेकाचं हसणं ऐकून आले होते.

मी गोणपाट खाली सोडायला गेले. जयवंतनं माझा हात धरला. आता काय झाकता, अशा अर्थानं असावं, किंवा त्यालाही सुचलं नसेल.

तात्यांनी झाड बघितलं. वरून खाली, मग खालून वर, छाटणीआधी वेल बघायचे तसं. मग त्यांनी जयवंतच्या हातातला गड्डा घेतला. उजव्या हातानं घेतला. चिमटीत फिरवला. दाबला. वरचं एक पान सोडवलं, आत दुसरं पान, त्याच्या आत तिसरं, आवळून बसलेलं. आयुष्यभर झाडं वाचलेला माणूस. त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

त्यांनी मान वळवली. दोन ओळींकडं बघितलं. गुळगुळीत खोडं. एकेक करून, शेवटपर्यंत.

"तात्या," जयवंत घाईनं म्हणाला, "हे वेगळं आहे. ही जातच वेगळी आहे. ती झाडं... त्यांचं तुम्ही बरोबर केलं. ती तशीच..." त्याचं मराठी अडखळायला लागलं. "वहिनी, सांगा ना."

पाच-सहा प्रकार मी आधीच करून बघितले होते.

तात्यांनी तो गड्डा मांडीवर ठेवला. मग उजवा हात पुढं केला, जयवंतसमोर. कोपर लटपटत होतं, त्याला डाव्या हातानं खालून आधार दिला. बोटं एकेक करून उघडली. चिमटीच नाही, सगळी. करंगळीसुद्धा, जी डॉक्टर म्हणाले होते कधीच उघडणार नाही. तळवा वर.

आणि तसाच धरून ठेवला.

जयवंत त्या तळव्याकडं बघत राहिला. शेळी आमच्या पायात आली, तिला कोणी हाकललं नाही. विलास दारात येऊन उभे होते. जिजी त्यांच्या मागं.

"तात्या, नका ना," जयवंत म्हणाला.

हात तिथंच होता. खाली होत नव्हता. कोणीतरी खाली करायला सांगावं असं मला वाटत होतं. त्या वेळीही वाटलं होतं.

शेवटी जयवंतनं त्यांच्या मांडीवरचा गड्डा उचलला आणि त्या तळव्यावर ठेवला. त्याला दुसरं काही सुचलं नसणार. मलाही सुचलं नसतं.

बोटं मिटली.

*

संध्याकाळी जिजींनी बाकीचे गड्डे शेंगदाण्याचं कूट घालून परतले. जयवंत ताटावर बसला, पण कालवत राहिला. मी तात्यांचं ताट वाढून नेलं, भाकरी कुस्करली नाही, तुकडे केले, ते आता स्वतः उचलायचे म्हणून. उजवी मूठ छातीशी होती. बोटांच्या फटीतून हिरवं दिसत होतं.

"तात्या, जेवायचं ना?"

मी मूठ सोडवायला गेले. अंगठ्याखाली बोट घातलं, तेल लावलं, कोमट पाण्यात धरली. सुटेना.

"राहू दे, शालन," जिजी म्हणाल्या.

मग मी भाकरी कुस्करली, दूध घातलं, घास केला आणि त्यांच्या तोंडाशी नेला. तात्यांनी तोंड उघडलं नाही. नको असलं की म्हणायचे तेही म्हणाले नाहीत. मी थोडा वेळ घास तसाच धरला. हात अवघडला. शेवटी मीच म्हणाले,

"पुढं, तात्या."